गर्दीतला होकार

"ताई, त्याला प्रश्न तर विचारू द्या," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि माइकभोवती उभे असलेले आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हसायच्या बाबतीत मी कधी मागे राहत नाही, सगळ्यांबरोबर हसते आणि मग घरी जाऊन चिडते. पडद्यावर एक टकल्या अध्यक्ष लांबलचक टेबलाच्या टोकाशी उभा होता. परक्या भाषेतली मालिका होती, तिला आमचे आवाज चढवायचे होते. टकल्याचा आवाज एका नावाजलेल्या नटानं आदल्या दिवशीच देऊन ठेवला होता. तो विचारणार, "मग हे सगळ्यांना मान्य आहे?" आणि त्यानं तोंड मिटलं की टेबलाभोवतीच्या माणसांनी मान्य करायचं, एवढंच काम. पण त्याचं तोंड अजून 'सगळ्यांना'वर उघडं होतं आणि माझा 'हो' येऊन बसला होता. पुन्हा घेतलं. टकल्या मागे गेला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा तोंड उघडलं, आणि या वेळी मी 'मग'वरच हो म्हटलं. हेडफोनमध्ये माझा मलाच ऐकू आला, अगदी स्वच्छ, कसलीही घाई नसलेला. "हा तुकडा सोडा ताई. बसा जरा बाहेर, पाणीबिणी प्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. इतक्या वर्षांत मला बाहेर कुणी बसवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात आम्हाला गर्दी म्हणतात. सहा-सात माणसं एका माइकभोवती उभी राहतात, एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा, आणि पडद्यावर जिथे कुठे चार माणसं जमली असतील तिथे ती चार माणसं म्हणजे आम्ही. मेजवानीतले पाहुणे आम्ही, कोर्टातले बघे आम्ही, बुडत्या जहाजावरचे प्रवासी आम्ही. त्यातलं माझं खास काम होकाराचं. कुठल्याही सभेत, बैठकीत, जेवणाच्या टेबलावर कुणी काही ठरवलं की मागून जी कुजबुज येते, हो हो, अगदी, चालेल की, काही हरकत नाही, त्यातला एक आवाज गेली वीस-बावीस वर्षं माझा आहे. स्टुडिओत मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे हो-बाई, आणि हेडफोनमधून पाठीमागचंही ऐकू येतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. या कामाचा नियम एकच. सगळ्यांनी एकदम हो म्हणायचं नाही. एकदम आलेला हो शाळेच्या वर्गासारखा वाटतो, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. एकानं हो म्हणावं, दुसऱ्यानं नुसतं हं करावं, तिसऱ्यानं बरोबर आहे म्हणत खुर्ची सरकवावी, आणि सगळ्यांच्या मागून, अर्ध्या श्वासानं, एका बाईचा आवाज यावा, मनाशी थोडा विचार करून आलेला. तो अर्धा श्वास म्हणजे मी. त्याच्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की इथे खरोखर विचारविनिमय झाला. मी बहुतेक वेळा तेव्हा पाय दुखतायत एवढाच विचार करत असते. नकार मात्र मला देत नाहीत. चिडलेला जमाव असला की मला मागे भिंतीकडे तोंड करून उभं करतात. माझा 'नाही' म्हणे विनंतीसारखा येतो.

बाहेरच्या बाकावर बसून मी कागदी पेल्यातलं पाणी प्यायले आणि मला सगळ्यांचा राग आला. टकल्याचा आला, इतका वेळ लावून कुणी विचारतं का. रेकॉर्डिस्टचा आला. पण खरा राग दादाचा होता. काल संध्याकाळी त्याचा फोन आला, "उद्या दुपारी आम्ही दोघं येतोय, एक विषय बोलायचाय," आणि मी म्हटलं, "हो, चालेल की." तो म्हणाला, "ऐक तरी आधी विषय काय आहे तो." मी म्हटलं, "हो हो, सांग ना." मग त्यानं सांगितलं. त्याच्या शहराबाहेर एक संस्था आहे, बाबांसारख्या माणसांची, नर्सा आहेत, बाग आहे, आणि तिथे एक खोली रिकामी झाली आहे. ती कशी रिकामी झाली हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. "तूच म्हणायचीस ना की तुला झेपत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर आहे." मी असं कधी म्हटलं होतं ते मला आठवत नव्हतं, पण न झेपणं खरं होतं, तेव्हा बरोबर आहे म्हणायला काही हरकत नव्हती. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की बाबांना घरातून पाठवायला मी तीनदा होकार दिला आहे, आणि त्यातले पहिले दोन तर विषय कळायच्या आधी.

बाबा माझ्याकडे असतात. गेल्या वर्षाच्या शेवटी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. गेली म्हणजे सगळी गेली नाही, एक शब्द राहिला. बरं. पाणी हवं का, बरं. दुखतंय का, बरं. खिडकी लावू की उघडी ठेवू, बरं. डॉक्टरांनी मला आणि दादाला समोर बसवून समजावलं होतं, की बाकीचे शब्द आत अडकलेत आणि हा एकच वाट सापडून बाहेर येतो, उचकीसारखा, तेव्हा त्याचा अर्थ लावत बसू नका. मान हलवायला सांगितली तर मान आधी उभी हलते आणि मग आडवी. मी अर्थ लावत बसले. बसणारच. होकाराच्या छटा ऐकण्यावर माझं पोट आहे. सुरुवातीला मी ठरवून टाकलं की आखूड बरं म्हणजे नको, लांबवलेलं बरं म्हणजे हवं, आणि नाकातून आलेलं म्हणजे तहान. तसं वागून बघितलं. लांबवलेल्या बरं वर चहा दिला तर त्यांनी तो तोंडात धरून ठेवला आणि मग उशीवर सांडला. एकदा कंटाळून मी विचारलं, "बाबा, तुम्ही कपाट आहात का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि लांबवून, विचार करून म्हणाले, "बरं." दिवसभर त्यांच्याजवळ बसणारी मावशी खो खो हसली. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले, आणि नळ बंद करून बाहेर आले तेव्हा मावशीनं विचारलं, "काय झालं?" बाबांनीच उत्तर दिलं. बरं. झोपेतसुद्धा म्हणतात. कूस बदलून दिली की डोळे मिटलेलेच, आणि बरं. चुकत नाहीत.

हे सहन करायला सगळ्यात अवघड एवढ्यासाठी, की धडधाकट असताना या माणसानं जन्मात कुणाला बरं म्हटलं नव्हतं. बाबा शाळेत कवायत शिकवायचे. त्यांची शिट्टी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची आणि आई हातातलं काम टाकून क्षणभर ताठ उभी राहायची. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि मैदानावर ओळीत उभी असलेली शेकडो पोरं. हात वर म्हटलं की सगळे हात वर. एकदम म्हणजे एकदम, मागाहून नाही. दादा पहिल्या ओळीत असायचा, त्याचा हात शिट्टीबरोबर वर जायचा, जणू काही शिट्टी त्याच्याच खांद्यात वाजलीय. मी शेवटच्या ओळीत. माझा हात अर्ध्या श्वासानं मागे. सगळे हात खाली येत असताना माझा एकटीचा वर असायचा, आणि बाबा सगळ्या मैदानासमोर म्हणायचे, "ती मागची कोण? तिला वेगळं सांगायला हवं का?" वर्गातल्या मुलींना माहीत होतं ती मागची त्यांची कोण. घरीही तेच. जेवायला सगळ्यांनी एका वेळी बसायचं, एका वेळी उठायचं. कुणी काही मागितलं की आधी नाही, मग कारण. सहलीला जाऊ? नाही. नाटकात घेतायत मला, जाऊ? नाही. त्यांचा नाही मोठा सुरेख होता, हे आता धंद्यातल्या कानानं सांगते. पोटातून यायचा, वर जराही चढायचा नाही, आणि संपला की त्याच्यापुढे काही उरायचं नाही. नंतर, मी कामाला लागल्यावर, स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करायला येणारा एक माणूस होता. त्याच्या बोटांना डाख लावायच्या तारेचा वास असायचा आणि तो माझं ऐकून घ्यायचा, मधे मधे हं न करता. बाबांनी त्याच्याबद्दलही नाही म्हटलं. मी दारात उभी होते. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं आणि दूध तापवायला आत गेले. हल्ली रात्रंदिवस ऐकताना मला कधीकधी वाटतं, हा माझाच शब्द त्यांच्या तोंडात जाऊन अडकलाय, आणि तो मला परत नको आहे.

स्टुडिओतून मला लवकर सोडलं. "पुढच्या आठवड्यात बघू," रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि मी म्हटलं, "हो, काही प्रश्न नाही," तेही त्याचं वाक्य संपायच्या आत. घरी पोचले तर दादाची गाडी दाराशी उभी होती. मावशीनं त्यांना चहा दिलेला होता. दादा बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, ऑफिसात कुणाला कामावरून काढताना तो असाच बसत असणार. वहिनी खिडकीशी उभी राहून पडद्याचं कापड बोटात धरून बघत होती. चांगली बाई आहे वहिनी. तिच्या चांगुलपणाचा मला फार त्रास होतो.

"बरं झालं आलीस," दादा म्हणाला. "म्हटलं तुझ्यासमोरच विचारावं. उगाच नंतर कुणाला वाटायला नको. आपलं सगळ्यांचं एकमत आहे, फक्त बाबांच्या तोंडून एकदा."

"बाबांच्या तोंडून काय येणार आहे ते तुला माहीत नाही?"

"विचारायला काय हरकत आहे?" असं म्हणून तो पुढे वाकला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाबा, तिकडे माझ्या जवळ, छान खोली आहे. बाग आहे. जायचं ना?"

"बरं," बाबा म्हणाले.

"बघ," दादा म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच सुटका दिसली, तीही इतकी उघडी की मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. एखादा माणूस शिकलासवरलेला असतो, हाताखाली पन्नास माणसं बाळगून असतो, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं असतं, आणि तरी त्याला हवा असलेला शब्द हव्या त्या वेळी कानावर पडला की तो तेवढाच उचलतो. मी तर हेच करून पोट भरते. लोकांना हवा तो आवाज हवा तेव्हा पुरवते. मग माझा इतका संताप का होत होता ते मला कळेना.

"त्यांना विचार, तुम्ही कपाट आहात का," मी म्हटलं.

"ही काय चेष्टा आहे?"

"विचार ना. मी विचारू? बाबा, दादा मूर्ख आहे का?"

"बरं," बाबा म्हणाले. दाराशी मावशीनं पदर तोंडाला लावला.

"वन्सं," वहिनी पडदा सोडून म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर तुम्ही सरळ नाही म्हणा ना. आम्ही काही जबरदस्तीनं न्यायला आलो नाही. तुमच्याच जिवाला आराम म्हणून चाललंय हे सगळं."

ती बोलत होती तेव्हा बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता, आत कुकरची वाफ गेली, बाबांच्या घशात कफ घरघरला, आणि या सगळ्याच्या बरोबरीनं माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालू होत्या. एक अशी, की ही माणसं त्यांना आत्ताच्या आत्ता उचलून गाडीत घालतील तर रात्री मी पाय ताणून झोपेन, कुणी बरं म्हणणार नाही. आणि दुसरी, की या दोघांनी बाबांना हात तरी लावून बघावा. यातली एकही दुसरीच्या मागाहून आली नव्हती. होकाराला आपल्याकडे किती शब्द आहेत, मान्य, कबूल, चालेल, ठीक, हरकत नाही, तू म्हणशील तसं, मी एका दमात हवे तितके म्हणून दाखवेन. पण नको आणि हवं एका वेळी, एका तोंडात असेल तर त्याला काय म्हणायचं? मला कुणी शिकवलं नाही.

"नाही," मी म्हटलं. विनंतीसारखाच आला. "नाही जाणार ते. इथेच राहतील."

"काल चालेल म्हणालीस," दादा म्हणाला.

"काल तू विचारलंच नव्हतंस."

त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. मधेच बाबा एकदा बरं म्हणाले. मग दादा उठला. मला वाटलं रागावेल, पण त्यानं बाबांच्या अंगावरची चादर पायाशी नीट खोचली, चारी बाजू सारख्या, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं. "ती खोली आपल्यासाठी आज संध्याकाळपर्यंत थांबवलीय," तो म्हणाला. "मग दुसऱ्या कुणाला देतील. आम्ही तोवर वाटेत असू, काय ते फोन करून सांग. पण नीट विचार करून सांग." मी हो म्हटलं. या वेळी त्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं.

ती दोघं गेली, मावशीही गेली, आणि मी त्याच खुर्चीत बसले. खुर्ची दादाच्या अंगानं अजून गरम होती. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि जिंकल्यावर आता भांडी घासायचीत, औषधं द्यायचीत, कूस बदलायचीय, हेही दिसत होतं. बाबांच्या हनुवटीवर लाळ आली होती. ती मी जरा जोरातच पुसली. "झालं समाधान?" मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. "तुमच्यासाठी दादाशी वाईटपणा घेतला मी." बरं. "स्टुडिओतून आज मला बाहेर बसवलं. माहितेय? तुमचं ऐकून ऐकून माझा ताल गेला. माणूस वाक्य सुरू करतो आणि मी हो म्हणून मोकळी होते. उद्या मला कुणी बोलावणार नाही." बरं. मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. मी त्यांना सांगितलं की त्यांच्या अंगाच्या वासानं मला जेवण जात नाही. पहाटे जाग आली की आधी मी त्यांचा श्वास ऐकते, आणि तो ऐकू आला की बरंही वाटतं आणि नकोसंही होतं, आणि कुठलं आधी ते मला सांगता येत नाही. त्या यंत्रवाल्याचं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, जे मी या घरात कधी घेतलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला ते बरं म्हणत गेले, माझ्या वाक्याच्या शेवटाला टेकून, वेळेवर. बाहेर ऊन उतरत होतं. मी दमले.

"तर आता तुम्ही इथेच राहायचं," मी म्हटलं. "माझ्याजवळ. मी अशीच चिडणार, तुम्हाला असंच खसाखसा पुसणार. राहायचं ना?"

ते काही बोलले नाहीत.

मला वाटलं, लागला डोळा. मी वाकून बघितलं. डोळे उघडे होते, आणि माझ्यावर होते. "बाबा, इथे राहायचं ना?" ओठ मिटलेले. नुसते मिटलेले नव्हते, आवळलेले होते, चांगली बाजूही आणि गेलेली बाजू जितकी आवळता येईल तितकी, आणि घशात काहीतरी वर येत होतं आणि ते त्याला येऊ देत नव्हते. गळ्याची शीर ताठ झाली होती. मी इतके महिने ज्या शब्दाचा तिरस्कार केला त्याची वाट बघत बसले. तो आला नाही. मी घाबरून, केवळ तो आवाज यावा म्हणून विचारलं, "दादाकडे जायचं? त्या खोलीत?"

"बरं," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं, आवाज बदलून, वाक्यं फिरवून, जाणं शेवटी घेऊन आणि राहणं शेवटी घेऊन. दर वेळी तेच. जाण्याला बरं. राहण्याला ती आवळलेली जिवणी, आणि कपाळावर हळूहळू जमणारा घाम. शेवटी त्यांनी चांगला हात चादरीतून काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला, घट्ट नाही, शाळेत ओळीत चुकीच्या जागी उभ्या असलेल्या मुलाला बाजूला करताना ठेवायचे तसा. मला इतका राग आला की हात झटकून टाकावासा वाटला. हा माणूस इतक्या दिवसांत एकदा स्वतःच्या मर्जीनं काही बोलला, आणि तेही हे. आणि त्याच वेळी, त्याच रागात, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, कारण हे बाबा मला ओळखीचे होते. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्यांचा हात मनगटावर तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

"काय ठरलं?" दादानं विचारलं. गाडीचा आवाज येत होता. मी त्याचं वाक्य संपू दिलं आणि मग आणखी थोडी थांबले.

"नाही म्हणाले."

"बाबा? बाबा बोलले?"

"बोलले नाहीत. पण नाही म्हणाले."

"कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "या तुम्ही न्यायला."